बाबांच्या तीन हार्डडिस्क आणि एकाच नावाच्या हजारो फायली: सुरुवात कुठून करू?

सांजवारा | शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. ते भूगोलाचे शिक्षक. शाळेला सुट्टी लागली की पाठीला सॅक आणि गड. निवृत्तीनंतर गावोगावी जाऊन बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायचे. हे सगळं आता तीन हार्डडिस्क आणि एका लॅपटॉपवर आहे.

काही हरवेल याची त्यांना फार धास्ती. म्हणून दर दिवाळीला जे असेल ते सगळं पुन्हा एकदा कॉपी करून ठेवायचे. फोल्डरांची नावं अशी: 'जुना लॅपटॉप', 'जुना लॅपटॉप सगळं', 'सगळे फोटो', 'सगळे फोटो नवीन', 'डिस्क १ चा बॅकअप'. शिवाय एकाच्या पोटात दुसरं.

काल मी 'डीएससी_०४१२' हे एकच नाव शोधून पाहिलं. सात ठिकाणी निघालं. भाऊ म्हणतो, एका नावाची एक फाइल ठेव, बाकीच्या उडव, सॉफ्टवेअर लावलं की रात्रीत होईल. माझा हात धजावत नाही. नावावरून डुप्लिकेट शोधतात कसे? आणि नुसत्या नावावर विसंबावं का? विंडोज १० आहे. एक्सेल मला चांगलं येतं, प्रोग्रामिंग येत नाही.

---

कोकणकडा | शनिवार, रात्री १०:५२

ताई, आधी एकच विनंती. आज काहीही डिलीट करू नका. तुमचा हात धजावला नाही तेच बरं झालं.

'डीएससी_०४१२' हे नाव बाबांनी दिलेलं नाही, कॅमेऱ्यानं दिलेलं आहे. डिजिटल कॅमेऱ्यांच्या फायलींना नावं कशी द्यायची याचा डीसीएफ नावाचा एक नियम १९९८ साली जपानमध्ये ठरला. नाव आठ अक्षरांचं: पहिली चार कंपनीची, पुढचे चार आकडे. म्हणजे ०००१ ते ९९९९. दहा हजारावा फोटो काढला की आकडा पुन्हा पहिल्यावर. निकॉनचं 'डीएससी_', कॅननचं 'आयएमजी_', आणि काही कॅमेऱ्यांत तर कार्ड फॉरमॅट केलं की मोजणी तिथूनच नव्यानं सुरू. वर्षानुवर्षं गड फिरणाऱ्या माणसाकडे एकाच नावाचे चार-पाच वेगळे फोटो असणारच. माझ्याकडे हरिश्चंद्रगडावरचा एक सूर्यास्त आणि पुतणीचं बारसं, दोघांचं नाव एकच आहे.

ते सातही फोटो उघडून पाहा आणि इथे सांगा.

---

सांजवारा | शनिवार, रात्री ११:३०

पाहिले. चार एकसारखे आहेत, राजगडावरची सुवेळा माची, धुक्यातली. दोन माझ्या लग्नातले. सातवाही सुवेळा माचीचाच, पण आकारानं फार छोटा, १०० केबीच्या आत.

भावाचं ऐकलं असतं तर लग्नातला फोटो तरी गेला असता किंवा माचीचा तरी.

---

कोकणकडा | शनिवार, रात्री ११:४१

सातवा बहुधा कुणाला ईमेलनं पाठवायला लहान करून ठेवलेला असेल. तीही एक गंमत लक्षात ठेवा: फोटो तोच, नाव तेच, पण फाइल वेगळी. उलटही होतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं मूळ नाव जातं, त्याला तारीख आणि 'डब्ल्यूए' लावलेला क्रमांक मिळतो. फोटो तोच, पण दाबून लहान केलेला, आणि कधी काढला ही आतली नोंदही पुसलेली. असे फोटो नावानं कधीच सापडणार नाहीत.

---

जुनी_वही | रविवार, सकाळी ७:२०

मी ग्रंथालयात बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे माझं सांगणं त्या अंगाचं आहे.

आमच्याकडे एकाच शीर्षकाची दोन पुस्तकं आली तर त्यांना दुसरी प्रत म्हणण्याआधी आम्ही लेखक, आवृत्ती, पृष्ठसंख्या पाहायचो. सगळं जुळलं तरच ती प्रत. फायलींचंही तसंच करा. नाव जुळलं की संशय घ्यायचा. बाइटपर्यंत आकार जुळला की संशय बळावतो. आतला मजकूर जुळला की खात्री. नाव ही पहिली गाळणी आहे, शेवटची नव्हे.

आणि कपाट हलवण्याआधी दाखल नोंदवही करायची. तुम्हाला एक्सेल येतं, म्हणजे निम्मं काम झालं. विंडोजमध्ये पॉवरशेल असतं, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणकाकडून काम करून घ्यायची खिडकी. 'गेट-चाइल्डआयटम' ही आज्ञा 'फाइल' आणि 'रिकर्स' या पर्यायांसह द्या, त्यातून नाव, आकार, बदलाची तारीख आणि फोल्डरचा पत्ता एवढे चार रकाने निवडा आणि 'एक्सपोर्ट-सीएसव्ही'नं एक्सेलमध्ये उघडेल अशी यादी काढा. (आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.) एक गोष्ट मात्र विसरू नका: एक्सपोर्ट करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे असं स्पष्ट सांगा. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये ते सांगितलं नाही तर देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. मी एकदा संपूर्ण यादी अशी काढून बसलो होतो.

चारही ठिकाणच्या याद्या एका पत्रकात एकाखाली एक लावा, कुठली डिस्क याचा पाचवा रकाना घाला. आधी नावावर, मग आकारावर सॉर्ट करा. पुढच्या रकान्यात साधं सूत्र: या ओळीचं नाव आणि आकार वरच्या ओळीसारखाच आहे का? काउंटइफ वापरायचा मोह होईल, पण ओळी पन्नास हजारांच्या पुढे गेल्या की संगणक अडून बसतो. सॉर्ट करून वरच्या ओळीशी तुलना केली तर क्षणात होतं.

तारखांबद्दल: 'क्रिएटेड' तारीख पाहू नका. कॉपी केली की ती कॉपीच्या दिवसाची होते. 'मॉडिफाइड' सहसा मूळचीच राहते. दोन डिस्कांवरच्या वेळेत दोन सेकंदांचा फरक दिसला तर घाबरू नका, जुन्या फॅट पद्धतीच्या डिस्क आणि कार्डं दोन-दोन सेकंदांनीच वेळ नोंदवतात.

---

पिंपळपार | रविवार, सकाळी ९:०५

नुसतं नावावरून पटकन बघायचं असेल तर 'एव्हरीथिंग' नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीच्या डिस्कवरचा फायलींचा मुख्य तक्ता थेट वाचतं, म्हणून लाखो फायलींची यादी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. शोधपट्टीत 'ड्युप' आणि विसर्गासारखं कोलन लिहिलं की एकाच नावाच्या फायली समोर. आकारासाठी 'साइझड्युप'.

एक सूचना: १.४ आवृत्तीत ही तुलना सगळ्या यादीशी होते. तुम्ही सोबत एका फोल्डरचं नाव लिहिलंत तरी जोडीदार दुसऱ्या फोल्डरमध्ये असू शकतो.

आणि 'डेस्कटॉप.आयएनआय', 'थम्ब्स.डीबी' असली नावं शेकड्यांनी दिसतील, त्या फायली विंडोज स्वतःच बनवतं, ती बाजूला ठेवा. विंडोजच्या आणि प्रोग्रामच्या फोल्डरांत तर जाऊच नका. तिथे एकाच नावाच्या फायली हेतुपुरस्सर ठेवलेल्या असतात.

---

अंगणवेल | रविवार, सकाळी ११:३०

मला प्रामाणिकपणे वाटतं, एवढा खटाटोप कशासाठी? एक चार टीबीची नवी डिस्क घ्या, सगळं त्यात ओता आणि निवांत व्हा. जागा आता महाग राहिलेली नाही. डिलीट केलं नाही तर चूक होण्याचा प्रश्नच नाही.

---

सांजवारा | रविवार, दुपारी १:१०

अंगणवेल, जागेचा प्रश्न असता तर तसंच केलं असतं. पण परवा बाबांच्या मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. तिच्या आईनं बाबांना ओव्या गाऊन दिल्या होत्या, ती ध्वनिफीत हवी होती. मी तीन संध्याकाळी शोधत होते. एकाच नावाच्या अकरा फायली, काही उघडतच नाहीत, काही अर्ध्यात तुटतात. कुठली खरी ते कळेना. बाबांनी जमवलेलं ज्यांचं आहे त्यांना देता आलं नाही, तर ठेवून काय करू?

जुनी वही काका, यादी काढायला घेतली आहे. प्रश्नचिन्हं आली होती. तुम्ही सांगितल्याप्रमाणे केल्यावर मराठी नावं नीट आली.

---

अंगणवेल | रविवार, दुपारी १:२५

पटलं. तरी नवी डिस्क घ्याच, कामाआधी सगळ्याची एक अस्पर्श प्रत काढून कपाटात ठेवायला. जुन्या डिस्क किती दिवस साथ देतील सांगता येत नाही.

---

कोकणकडा | रविवार, दुपारी १:४०

याला +१. अंगणवेलचा सल्ला पहिल्या क्रमांकावर हवा.

---

उत्तरायण | रविवार, रात्री ८:१५

डेट्रॉईटजवळ राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. जुनी वही यांनी 'आतला मजकूर जुळला की खात्री' म्हटलंय, ते कसं करतात ते लिहितो.

प्रत्येक फाइलचा एक ठसा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. फाइल केवढीही असो, एसएचए-२५६ पद्धतीचा ठसा ६४ चिन्हांचाच. आत एक बाइट बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा. दोन फायलींचा ठसा एक आला तर त्या एकच समजायला हरकत नाही. पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' हेच करतं. एमडी५ ही जुनी पद्धत, तिच्यात मुद्दाम फसवणूक करता येते हे २००४ पासून ठाऊक आहे, पण घरच्या फोटोंत कुणी फसवायला बसलेलं नाही, तेव्हा एखादं साधन एमडी५ वापरत असेल तर चालेल.

सगळ्याच फायलींचे ठसे काढत बसू नका. आकार वेगळा असेल तर मजकूर एक असूच शकत नाही. ज्यांचा आकार जुळतो तेवढ्यांचाच काढायचा. चांगली साधनं हेच करतात.

साधनं दोन सुचवतो, दोन्ही फुकट. 'ड्यूपगुरू'मध्ये नाव, मजकूर, फोटो, संगीत असं वेगवेगळं शोधता येतं. नावाच्या शोधात तो शब्द सुटे करून किती टक्के जुळतात ते पाहतो, म्हणून 'राजगड पाऊस' आणि 'पाऊस राजगड (१)' हेही जोडीनं येतात. त्यातली मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे एखादं फोल्डर 'रेफरन्स' ठरवता येतं. तिथली एकही फाइल तो डिलीट होऊ देत नाही. दुसरं 'चकाव्का', पोलिश भाषेत याचा अर्थ उचकी. नाव, आकार, हॅश तिन्ही प्रकारे शोधतं आणि वेगवान आहे. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी 'आरएमलिंट' आहे. तो स्वतः काही पुसत नाही, काय पुसायचं त्याची आज्ञावली लिहून देतो. ती वाचायची, पटली तर चालवायची. मला ही पद्धत सर्वांत सभ्य वाटते.

एक अनुभव सांगतो. मी असंच काम एका क्लाउड सेवेशी जोडलेल्या फोल्डरमध्ये केलं. माझ्या लॅपटॉपवरची 'दुसरी प्रत' पुसली, आणि पुण्यात आईच्या संगणकावरूनही ती गेली, कारण दोन्हीकडे तेच फोल्डर होतं. कचरापेटीतून परत मिळालं, पण आईला दोन दिवस झोप नव्हती. तेव्हा ताई, काम सुरू करण्याआधी सिंक बंद करा.

---

लिपीवेडा | सोमवार, रात्री १२:२०

सगळ्यांनी इतकं चांगलं लिहिलंय, पण मराठी नावांचा मुद्दा राहिला. ताईंच्या बाबांनी फोल्डरांना, फायलींना मराठीत नावं दिली आहेत. तिथे एक वेगळाच घोळ होतो आणि तो कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही.

'वारकऱ्यांच्या ओव्या' हे नाव घ्या. यातला 'ऱ्य' संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड या अक्षरांच्या क्रमांक-यादीत यू+०९३१), त्याला हलन्त आणि मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं. इनस्क्रिप्टवर टाइप केलं की पहिला प्रकार येऊ शकतो, काही फोनेटिक कळफलकांवर दुसरा. म्हणूनच कधी कधी एकाच फोल्डरमध्ये 'एकाच नावाच्या' दोन फायली दिसतात. तसं तर विंडोज होऊ देत नाही. त्या एकाच नावाच्या नसतातच.

तोच प्रकार 'ॲ'चा. एक अखंड अक्षर आहे, ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी, आणि अजूनही अनेक कळफलकांवर, अ आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं जोडून तेच दिसतं. 'ॲल्बम' दोन प्रकारांनी लिहिलेला असू शकतो. वर आपले आकडे: 'भाग ५' एका ठिकाणी देवनागरीत, दुसरीकडे इंग्रजी आकड्यात. आणि कुणी जुन्या मॅकवरून फायली आणल्या असतील तर तिथली एचएफएस प्लस पद्धत 'ऱ' फोडून र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा साठवते.

म्हणजे नावावर सॉर्ट केलं की खऱ्या जोड्या दूर पडतात. उपाय सोपा आहे. एक्सेलमध्ये 'लेन' हे सूत्र नावाला लावा. 'ऱ्य'च्या दोन प्रकारांत एका चिन्हाचा फरक येतो, 'ॲ'मध्येही येतो. नावं डोळ्यांना सारखी आणि लांबी वेगळी, तर हाच घोळ. शिवाय यादीची दुसरी प्रत करून ती नावाऐवजी आकारावर सॉर्ट करा, नावानं निसटलेल्या जोड्या तिथे शेजारी येतील.

---

जुनी_वही | सोमवार, सकाळी ६:५०

लिपीवेडा, हे मला आजवर माहीत नव्हतं. आमच्या सूचीत एकच लेखक दोनदा का यायचा ते आता कळलं. मनापासून आभार.

---

सांजवारा | बुधवार, रात्री ९:३०

यादी पूर्ण झाली. नवी डिस्क आणली, अस्पर्श प्रत कपाटात ठेवली.

आता एक अडलंय. नाव, आकार, हॅश सगळं जुळलेल्या जोड्या आहेत, पण एक प्रत 'सगळे फोटो नवीन'मध्ये आहे आणि दुसरी 'राजगड जून पाऊस, अण्णांसोबत शेवटचा' या फोल्डरमध्ये. सॉफ्टवेअर आपोआप पहिली ठेवून दुसरी निवडतंय. तसं झालं तर ते फोल्डर रिकामं होईल आणि अण्णा कधी सोबत होते हे कुणालाच कळणार नाही.

ओव्यांच्या एमपी३ फायलींचंही असंच: नाव एक, आवाज एक वाटतो, पण हॅश जुळत नाही.

---

कोकणकडा | बुधवार, रात्री १०:०५

आपोआप निवड बंद करा. बाबांनी ज्या फोल्डरला स्वतःच्या शब्दांत नाव दिलंय, तीच प्रत मूळ. 'नवीन', 'बॅकअप', 'सगळं' असल्या नावांच्या फोल्डरमधली ती जादाची. फोल्डरचं नाव हे बाबांचं हस्ताक्षर आहे. उत्तरायण यांनी सांगितलेल्या 'रेफरन्स' सोयीचा उपयोग इथेच: बाबांनी नावं दिलेली सगळी फोल्डरं रेफरन्स करा, बॅकअपची नको.

दोन्ही फोल्डरांची नावं अर्थपूर्ण असतील तर फाइल कुठल्याही एकात ठेवा, पण दुसरं नाव यादीत शेरा म्हणून लिहा. यादी पुसू नका, तीही या संग्रहाचाच भाग आहे.

---

उत्तरायण | बुधवार, रात्री १०:४८

एमपी३ बद्दल: त्या फाइलच्या आत गाण्याचं नाव, गायिका, वर्ष अशी नोंद असते, तिला टॅग म्हणतात. कुणी टॅग बदलला की आवाज तोच राहून हॅश बदलतो. फोटो पाहता पाहता फिरवून सेव्ह केला तरी तेच. म्हणून हॅश जुळला तर प्रत नक्की, पण जुळला नाही म्हणून वेगळी असं नाही. आधी कालावधी पाहा, सेकंदापर्यंत जुळतो का. जुळला तर टॅग भरलेली ठेवा. नाही जुळला तर ऐकावंच लागेल. मूळ डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेली ध्वनिफाइल, सापडली तर ती कधीच काढू नका.

---

जुनी_वही | गुरुवार, सकाळी ७:१०

नावं बदलायची घाई नको. आधी प्रती वेगळ्या करा, नावं नंतर. मधेच नावं बदललीत तर यादी आणि डिस्क यांचा मेळ तुटेल.

पुढे नावं देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमानं सुरुवात करा, म्हणजे सॉर्ट केल्यावर आपोआप काळानुसार लागतील. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात. कॅमेऱ्यानं दिलेला क्रमांक शेवटी तसाच राहू द्या.

---

कोकणकडा | गुरुवार, सकाळी ८:००

फोटोच्या आतल्या तारखेवरून नावं द्यायला 'एक्झिफटूल' आहे, हजारो फायली एका आज्ञेत होतात. फक्त आधी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का ते पडताळा. सूर्यास्ताच्या फोटोवर सकाळचे ६:४० दिसले तर सकाळ-संध्याकाळ उलटी लागलेली आहे.

---

सांजवारा | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:२०

मंडळी, इतके दिवस आले नाही, काम चालू होतं. काहीही पुसलेलं नाही. जादा ठरलेल्या प्रती 'तपासून झालेल्या' या एका फोल्डरमध्ये हलवल्या आहेत, दिवाळीपर्यंत तिथेच राहतील. भाऊही आता रोज रात्री तासभर बसतो. सुवेळा माचीचे फोटो त्यानंच लावले.

लिपीवेडा, तुम्ही सांगितलेलं 'लेन'चं सूत्र लावलं आणि 'वारकऱ्यांच्या ओव्या' नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये निघाल्या. एकीची लांबी एकानं जास्त. मी इतके दिवस एकच उघडत होते, ती नऊ मिनिटांची. दुसरी सव्वीस मिनिटांची आहे. शेवटी बाबा विचारतात, 'मावशी, दमलात का?' आणि त्या म्हणतात, 'अजून जात्यात दाणे हायेत.' मग पुन्हा गातात.

ज्या मुलीनं आईची ध्वनिफीत मागितली होती, तिला आज सकाळी तीच पाठवली. दोन्ही फायलींची नावं वेगळी कशी ठेवू, एवढं सांगा.

---

लिपीवेडा | रविवार, दुपारी ५:०२

ताई, दोन्हींत 'ऱ' हे अखंड अक्षर ठेवून नावं नव्यानं टाइप करा. आधी तारीख, मग गाव, मग गाणाऱ्या मावशींचं नाव. मोठीला 'पूर्ण' आणि छोटीला 'पहिली नऊ मिनिटं' असं लिहा. आणि मोठीची एक प्रत आजच कपाटातल्या डिस्कवरही टाका.